मामाचं उत्तर

माझी मावशी शिवणकाम करते आणि संशय घेते. दोन्ही कामं सारख्याच टापटिपीनं. मीटर वाचायला आलेल्या माणसाला ती ओळखपत्र दोनदा दाखवायला लावते आणि तो जाईपर्यंत कात्री हातातून खाली ठेवत नाही. असल्या बाईच्या घरात दिव्यांग मदत केंद्राची मदतनीस येऊ लागली.

मदतनीस यायची माझ्या मामासाठी. मामा मावशीचा धाकटा भाऊ, बेचाळीस वर्षांचा. शिकणं, बोलणं त्याला जन्मापासूनच जड. आजी गेल्यापासून मावशीनंच त्याला सांभाळलं. केंद्राची बाई आठवड्यातून तीनदा येणार, त्याला चार गोष्टी आपल्या आपण करायला शिकवणार, बाहेर फिरवून आणणार. अर्ज माझ्या आईनं भरला, म्हणून मावशी तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

"इथं कुठंतरी पाणी मुरतंय," पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली. "परक्याशी एवढं गोड कोण बोलतं गं?"

मावशीचं शिवणाचं मशीन मामाच्या खोलीच्या दाराशी सरकलं. त्या खडखडाटात मामाचं लक्ष लागेना, म्हणून मदतनीस दार लोटून घेऊ लागली. झालं! मावशीनं मशीन बंद करून दाराला कान लावला आणि मलाही बोलावलं. आतून मदतनीस बाईचा आवाज आला, "पुन्हा! अजून जोरात!" मग धाडकन थाप. परत, "पुन्हा!"

मावशी पांढरीफटक पडली. मदतनीस गेल्यावर तिनं मामाला समोर बसवलं.

"बाळ, ती तुला मारते?"

"हो."

"चिमटे काढते?"

"हो."

"कुणाला सांगू नको म्हणते?"

"हो."

मामा सगळ्यालाच हो म्हणतो. जेवलास का, हो. जेवायचं राहिलंय का, तेही हो. घरात वाद नको म्हणून ही सवय मावशीनंच त्याला लावली होती. मी तसं म्हटलं, तर ती उसळली, "तू नको शिकवू मला! मी वाढवलंय त्याला." आणि खरं सांगते, ती थाप माझ्याही डोक्यातून जाईना. तक्रार मावशीनं सांगितली, लिहिली मी. बाईला काढा, नाहीतर आमचं नाव कमी करा. त्या कागदाची मला अजून लाज वाटते.

चौथ्या दिवशी केंद्रप्रमुख स्वतः आले. पिकल्या मिशांचे, शांत गृहस्थ. मावशीनं त्यांना मोडक्या पाठीची खुर्ची दिली, ते त्या खुर्चीतच जपून बसले.

"दादा," त्यांनी मामाला विचारलं, "मदतनीस ताई मारतात तुम्हाला?"

मामानं टेबलावर थाप मारली. "नाही!"

आम्ही दोघी दचकलो. तो शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"हाच तर धडा चालला होता," केंद्रप्रमुख म्हणाले. "नको असेल तर नाही म्हणायचं. शब्द अडला तर थाप मारायची. सगळ्याला हो म्हणणाऱ्या माणसाला कुणीही कुठंही नेऊ शकतं, ताई."

"पढवलंय त्याला!" मावशी म्हणाली. "आता काहीही विचारा, नाहीच म्हणेल. बाळ, पाणी देऊ?"

"हो."

तिनं पाणी दिलं. तो घटाघटा प्यायला. मावशीनं पदरानं त्याची हनुवटी पुसली, खाली वाकली आणि अगदी लाडानं म्हणाली, "ती बाई नको, बाहेर जाणं नको. आपण दोघंच राहू या, पहिल्यासारखे. चालेल ना माझ्या बाळाला?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. थाप मारायला उचललेला हात त्यानं मावशीच्या हातावर ठेवला.

"नाही, ताई," तो हळूच म्हणाला.