हरितकणाले जीव आहे का?

किस्से कोणी मुद्दाम जपत नाही, माळ्यावरच्या भांड्यांसारखे ते आपोआप साचतात. जुने दोस्त जमले की एकेक खाली येतो. आमच्या जीवशास्त्राच्या लॅबचं तर विचारूच नका! पन्नासच्या दशकातली गोष्ट, आम्ही वर्ध्याला इंटर सायन्सला होतो.

त्यात भाऊराव, सिंदीच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत उडालेला. यंदाही नापास झाला तर बाप दुकानाच्या गादीवर बसवणार हे नक्की, आणि गड्याला व्हायचं होतं डॉक्टर.

*

जीवशास्त्राचे आमचे सर ठासून सांगत, जिवंत असते ती अख्खी पेशी. आतले हरितकण नुसते भाग, ते स्वतः सजीव नाहीत. भाऊरावनं हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान मायक्रोस्कोपखाली ठेवलं. हिरवे कण पेशीत गोल गोल फिरत होते.

"सर, हे तर चालून राह्यले!"

सर म्हणाले, मालगाडीही चालते, तिला जीव असतो का?

"तिच्यात ड्रायव्हर असते ना सर."

सर बराच वेळ कोरा फळा पुसत राहिले.

*

आम्ही राहायचो त्या नालवाडीच्या खोलीत यावरून दोन पक्ष पडले. आमच्यातला गोपाळ कट्टर शाकाहारी. हरितकण सजीव निघाले तर पाप लागेल म्हणून त्यानं पालक सोडला. मग मोड आलेली मटकी कशी चालते, असं आम्ही विचारलं.

"ते मले नको विचारू. भूक लागली आहे," म्हणे.

*

भाऊरावच्या आईचा डबा रोज सिंदीहून गाडीनं यायचा. एकदा चुकला, तर पठ्ठ्या सुतकी तोंडानं मेसमध्ये आला. स्वयंपाकी महाराज नेमके अळूच्या भाजीत चिंच घालायला विसरले होते. सगळ्यांचे घसे खाजून बेजार! लॅबमध्ये सरांनी समजावलं, अळूच्या पेशीत सुईसारखे स्फटिक असतात, पूर्ण निर्जीव.

"निर्जीव असून इतके चावून राह्यले," भाऊराव म्हणाला, "जीव असता तर आपल्यालेच खाल्लं असतं."

*

शेवटी तोंडी परीक्षा आली. नागपूरचे परीक्षक, चेहऱ्यावर हसू नाही. शेजारी आमचे सर, दाराआड आम्ही.

परीक्षकांनी नेमकं तेच काढलं. हरितकण पेशीबाहेर एकटा टिकत नाही, मग तो सजीव आहे का?

भाऊराव सरांकडे पाहीना, आमच्याकडेही पाहीना. आमचे जीव टांगणीला.

"सर, मायनं डबा नाई पाठवला तर मी बी नालवाडीत टिकत नाई. मले निर्जीव म्हणाल का?"

परीक्षकांनी चष्मा पुसला, मार्क लिहिले आणि कागद सरांकडे सरकवला. सरांचा चेहरा खुलला. मग परीक्षक पुढे वाकले.

"आज डब्यात काय आहे?"