आबांचा पाठमोरा फोटो

आमच्या बारामतीच्या फोटो मंडळात चांगले फोटो कमी निघाले, किस्से जास्त. फोटोला रोल लागायचा, किस्से फुकट! दर रविवारी माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या स्टुडिओत पाच-सहा हौशी मंडळी जमायची. सगळे पन्नाशीचे, सगळे शहाणे. कॉलेजात शिकणारी पोरगी मी एकटीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तात्यांच्या मेव्हण्यानं सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा आणला. चंदेरी, मुठीत मावणारा, भारी लेन्सचा. आत रोल नाही, छोटंसं कार्ड.

"निगेटिव्ह कुठाय?" बापूंनी विचारलं. बापू म्हणजे मंडळातलेच, एमआयडीसीतल्या डेअरीतले फिटर.

"नसतंच," मी म्हणाले.

"मग फोटो काढल्याला पुरावा काय?"

मला त्या कॅमेऱ्यानं एकच फोटो काढायचा होता, आबांचा. आबा माझे आजोबा, तात्यांचे वडील. जवळच्या कळस गावी मेंढरं राखायचे. मुलगा फोटोग्राफर, पण बापाचा एकही फोटो नाही! कॅमेरा दिसला की आबा उठून चालायला लागायचे. हा कॅमेरा मुठीत लपायचा आणि वाजतही नव्हता. वाटलं, आता जमेल.

*

तात्या ते कार्ड फक्त डार्करूममध्येच बाहेर काढायचे. दार लावून, लाल दिव्यात!

"तात्या, याला उजेडानं काही होत नाही."

"तू जन्मली नव्हतीस तवापासून हे काम करतोय मी."

"पण हे कार्ड माझ्यानंतर जन्मलंय!"

दार माझ्या तोंडावर बंद झालं.

*

जळोचीच्या एका लग्नात ऐन अक्षतांच्या आधी कॅमेऱ्याचे सेल बसले. तात्यांनी अक्षता थांबवल्या आणि लग्नघरातल्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांचे सेल काढून आणवले. नवऱ्यामुलाचे वडील घाबरले. "मुहूर्त टळला का हो?"

बापू शांतपणे म्हणाले, "टळतोय कसा? घड्याळात बघा की, अजून हायच!"

*

त्याच लग्नात बायकांना कळलं की फोटो लगेच बघता येतो आणि पुसताही येतो. झालं! "माझे डोळं मिटल्यात, पुसा." "मी जाड दिसतीय, पुसा." तात्या पुसत गेले. शेवटी कार्डात गोठ्यातल्या म्हशीचा फोटो तेवढा उरला.

"तिनं तक्रार केली न्हाय," तात्या म्हणाले.

*

मंडळाची जुनी पद्धत होती. रविवारी सगळे फोटो हातोहात फिरायचे. दोघांना आवडला नाही की त्याच्यावर लाल फुली. पण निगेटिव्ह तरी शिल्लक राहायचं! आता फुलीच्या जागी सरळ पुसून टाकणं आलं. मी म्हणत होते, कॉम्प्युटर घेऊ, फोटो त्यात ठेवू. तात्या म्हणायचे, "बघू दिवाळीला."

त्याच सुमाराला आबांची मेंढरं विकली. टेम्पो आला त्या दिवशी मी कॅमेरा घेऊन कळसला गेले. शेवटचं मेंढरू चढलं, टेम्पो हलला आणि आबा खांद्यावर घोंगडं टाकून, सवयीनं हाळी देत त्याच्यामागं चालायला लागले. मी फोटो काढला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी कॉलेजच्या शिबिराला होते. परत आले तर फोटो नाही.

"चेहराच दिसत न्हवता," बापू म्हणाले. "पाठीचा फोटो कुणी भिंतीवर लावतं व्हय?" दुसरं मत तात्यांचं. आणि कार्डात जागा केली कशासाठी? बापूंच्या नव्या मोटरसायकलच्या फोटोसाठी!

मी ओरडले, "तुमचेच वडील होते ते!"

"चिडतीस काय?" तात्या म्हणाले. "आबा कुठं चाललेत? परत काढू की."

*

दिवाळीच्या आधीच आबा गेले.

तेराव्याला पाहुण्यांनी भिंतीवर खिळा ठोकला, हार आणला आणि तात्यांकडं बघितलं. कुणीतरी हळूच म्हणालं, "फोटूवाल्याच्या घरात फोटू न्हाय?" हार पाटावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टुडिओत गेले. काउंटरवर कॅमेरा उघडा पडला होता. आत कार्ड नव्हतं. डार्करूमचं दार बंद, फटीतून लाल उजेड, कागदावर फोटो उमटवायच्या डेव्हलपरचा वास.

मी कडी वाजवली. "तात्या, आत काय करताय?"

ट्रेमधलं पाणी हलल्याचा आवाज आला. मग थांबला.

"दार उघडू नगंस," तात्या म्हणाले. "उजेड यील."