शिडीवरचा रंगारी

आमच्या साडूभाऊंइतका आरडाओरडा करून मूकपट बघणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडायचा नाही. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीनवर काढली, त्यात कान गेले. तिथल्या खडखडाटात सगळे हातवाऱ्यांनीच बोलायचे. चहा आला, साहेब आला, मशीन थांबव, प्रत्येकाला खूण ठरलेली. निवृत्त झाल्यावर साडूभाऊ घरीदारीही तसेच बोलू लागले. मेथीची जुडी मागताना ते असे काही हात करायचे, की भाजीवाली टोपली उचलून पुढची गल्ली गाठायची.

टीव्ही त्यांनी सोडला होता. "नुसती तोंडं हलतात रे, मासे पाळल्यासारखं वाटतं." तेव्हा मी, म्हणजे आमच्या घराण्यातल्या स्वयंघोषित तंत्रज्ञाने, त्यांना इंटरनेटवरचे जुने मूक विनोदपट दाखवले. परदेशात कुणी कुणी फाटक्या फिती जोडून, डाग पुसून लख्ख करून ठेवलेले. साडूभाऊ हरखले. "इथं सगळे माझ्याच पाळीतले दिसतात!" त्या आनंदात मी त्यांना चांगला भारीतला स्पीकर भेट दिला. बहिऱ्या माणसाला, मूकपटासाठी. माझ्या बायकोने ते अजून मला विसरू दिलेलं नाही. ताईंनी त्या स्पीकरवर तुळशीचं रोप ठेवलं.

ताई म्हणजे साडूभाऊंची बायको, माझी थोरली मेहुणी. रोज चारला दोघं चहाचे कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायची. पडद्यावरच्या हातवाऱ्यांचा अर्थ साडूभाऊ शेजारच्या सोसायटीलाही कळेल अशा आवाजात सांगायचे. "हवालदार म्हणतोय, माझी ड्यूटी संपली!" ताईंचं हसू मात्र त्यांना ऐकू यायचं नाही. म्हणून ते पडद्यापेक्षा जास्त ताईंच्या कपाकडे बघायचे. चहा हिंदकळला की सिनेमा चांगला.

एका सिनेमात एक किडकिडीत रंगारी चौथ्या मजल्यावर रंग देत असतो. शिडी निसटते, तो दुकानाच्या पाटीला लोंबकळतो, आणि तिथेच फीत संपते. पुढचा भाग हरवलेला. ताई बेचैन झाल्या. "भाऊजी, शोधा की जरा. मेला उतरला का नाही, कळायला नको?" मी शोधलं. पुष्कळ शोधलं. दर दोन दिवसांनी साडूभाऊंचा मेसेज यायचा: "उतरला का?"

मग ताईच आजारी पडल्या. दवाखान्यात मी भेटायला गेलो, तर मला बघून पहिला प्रश्न तोच. थापा मारायची मला सवय आहेच. म्हटलं, "उतरला की! हवालदारानेच शिडी धरली, वर त्याला चहाही पाजला." ताई खुदकन हसल्या. "बरं झालं बाई." पलंगापाशी उभ्या साडूभाऊंना ते हसू दिसलं, बोलणं कळलं नाही. दोन दिवसांनी ताई गेल्या.

त्यानंतर तीन महिन्यांनी तो सिनेमा सापडला. हरवलेला भाग जोडून, संपूर्ण. मी शेवट न बघताच, मोठा पराक्रम केल्यासारखा, चारच्या ठोक्याला साडूभाऊंच्या दारात हजर. त्यांनी सवयीने दोन कप मांडले. रंगारी लोंबकळायला लागला तसे त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तिला काय सांगितलंस रे? हसली होती ती."

मी कागदावर लिहून दिलं. ती थाप होती, हेही लिहिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. पडद्यावर पाटीचा एक खिळा निखळत होता. साडूभाऊंनी झटकन मूठ वर केली. मशीन थांबवायची खूण. मी थांबवलं.

"उतरलाय तो," ते म्हणाले, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "तिला माहितीये. आपल्याला बघायची काय गरज?"

मग दुसरा कप त्यांनी माझ्याकडे सरकवला. मी तो उचलला. चहा हिंदकळला. साडूभाऊ कितीतरी वेळ त्या कपाकडे बघत राहिले.