लंगडीवाल्या मॅडम

मॅडमनी पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्या आशाताईंना पदर खोचून लंगडी घालायला लावली. अंबडला, सरकारी हॉलच्या मागच्या पटांगणात, भर उन्हात! कुणाचे गुडघे दुखतात, कुणाच्या घरात सून आलेली, आणि गेटजवळचा चहावाला फिदीफिदी हसतोय. माझं तर डोकंच फिरलं. ट्रेनिंग म्हटलं की पंख्याखाली बसावं, चहा-बिस्कीट खावं, सही ठोकावी आणि दुपारच्या एसटीने घर गाठावं, एवढीच माझी अपेक्षा. मी शेजारणीच्या कानात म्हणाले, "बाईला येड लागलंय." ते मॅडमनी ऐकलं. "लागलंय," त्या म्हणाल्या, "आता पाय बदला. दुसऱ्या पायावर!"

दम लागून आम्ही खाली बसलो तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. "आईला जाऊन विचाराल, पोरगं आजारी आहे का, तर ती नाहीच म्हणणार. दारात आलेल्या सरकारी बाईला कोण खरं सांगतं? तुम्ही मातीत चौकोन आखा, डाव मांडा. सगळी पोरं गोळा होतात. मग पाय बदलायला लावा. जे एकाच पायावर नाचतं, जे कडेला बसून राहतं, त्याच्याजवळ जाऊन बसा." तेव्हापासून त्यांचं नाव लंगडीवाल्या मॅडम पडलं. त्यांना ते कळलं होतं. फोनवर त्या स्वतःच म्हणायच्या, "मंदाताई, लंगडीवाली बोलतेय."

पोलिओ आम्ही विसरलोच होतो. डोस पाजायचे, पोराच्या बोटाला शाई लावायची, संपलं. मग त्या साली शेजारच्या तालुक्यात एका लेकराच्या पायातलं बळ गेलं आणि त्याच्या नमुन्यात पोलिओ निघाला. सगळ्यांची पाचावर धारण बसली. म्हणून मॅडम कंत्राटावर आल्या, आम्हाला शिकवायला. साडीखाली कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये गूळ-शेंगदाणे आणि मांडीवर बर्फाची निळी पेटी. त्यांचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही लेकराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याच दिवशी कळवायचं. चौदा दिवसांच्या आत त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे, दोन्हींमध्ये एक दिवसाचं अंतर ठेवून. उशीर झाला की नमुन्यात काही सापडत नाही, रोग मात्र गावभर फिरत राहतो.

आणि त्यांचा तो एक प्रश्न! देवा, त्या प्रश्नाने आमचा जीव नकोसा केला होता. मी वस्ती पालथी घालून, पायाचे तुकडे पाडून सांगायचे, "मॅडम, सगळं बराबर आहे." की लगेच, "बरं. अन् शेजारच्या घरात?"

"शेजारी कुलूप हाय मॅडम."

"कुलूप लावून गेले कुठं? पोरं किती त्यांना?"

एकदा मी चिडून म्हणाले, "शेजारच्या घरात भूत ऱ्हातंय." तर शांतपणे म्हणतात, "भुताला पोरं किती?" फोन ठेवल्यावर मी शिव्याही दिल्या आणि हसलेही. पण गेले त्या घरी. त्यांच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

उन्हाळा लागला. अंकुशनगरकडे ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांचा मुक्काम माळावर होता. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात. मॅडम आणि मी तिथे गेलो, डाव मांडला. पोरं अशी तुटून पडली की बस्स! सगळ्यांनी पाय बदलले, एकही कडेला बसलं नाही. मला बरं वाटलं, म्हटलं चला, सुटलो. एक कोपी तेवढी बंद होती. दाराला पोतं लावलेलं, आतून धूर येतोय, ओव्याचा वास. एक बाई दार अडवूनच उभी होती. "आत बाळंतीण हाय. येऊ नका, वारं लागंल."

आमच्याकडे बाळंतिणीच्या शेकाच्या खोलीत परकं माणूस शिरत नाही. मॅडम दोन पावलं मागे सरल्या. मीही सरले.

जीप अंबडच्या रस्त्याला लागली आणि मॅडमचं सुरू झालं. "बाळंतीण कितव्या दिवसाची? बाळाचं वजन किती? मंदाताई, बाळ जन्मलं आणि तुमच्याकडे नोंद नाही?" मी म्हटलं, परगावची माणसं आहेत, काल-परवा झालं असेल. पण बाळाला बघायला जाणं हे माझंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाटा आणि झोळी घेऊन मी गेले, मॅडमही आल्या. मी म्हटलं, "बाळ दाव गं, वजन करते." त्या बाईचे डोळे भरून आले आणि तिने स्वतःच पोतं बाजूला केलं.

आत बाळ नव्हतं. चार वर्षांची पोरगी होती, सोनी. दोन्ही पायांना गरम विटांचा शेक, अंगभर तेल, गळ्यात काळा दोरा. मॅडमनी तिचा पाय उचलून हळूच सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला. "पायावरनं वारं गेलं," आई म्हणाली. "वारं गेल्यावर भाईर काढत न्हाईत. नजर लागती, आणिक वारं भरतं. म्हणून बाळंतीण हाय म्हणले." त्या बाईचा काय दोष? वारं गेलेल्या माणसाला आमच्याकडेही असंच कोंडतात. मॅडमनी विटा काढल्या, आईचा हात धरून बसल्या. सोनीचा पहिला नमुना दुपारी मिळाला. दुसरा दुसऱ्या दिवशी दुपारनंतर घ्यायचा होता.

पण कारखान्याचा पट्टा पडला होता. हंगाम संपला, टोळ्या उठल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रक निघणार होता, मंठ्याकडे, त्यांच्या गावाला. त्या सकाळी मॅडमनी ॲम्ब्युलन्स आणून उभी केली, पण बापाने पोरीला खांद्यावरून उतरवलंच नाही. "दवाखान्यात टाकलं की परत येत न्हाई माणूस. गावाकडं आमचा जाणता हाय, वारं उतरवतो." मॅडमनी हात जोडले, आवाज चढवला, अक्षरशः पाया पडल्या. मी रडायला लागले. शेवटी टोळीचा मुकादम वैतागून म्हणाला, "बाई, सोडा आता. जल्दी निघू द्या."

"निघा की," मॅडम म्हणाल्या. निळी पेटी आधी वर दिली आणि साडी आवरत स्वतः ट्रकमध्ये चढल्या. भांडी, बोचकी, कोंबड्या, त्यांच्यामध्ये बसल्या आणि सोनीचं डोकं मांडीवर घेतलं. मला म्हणाल्या, "ट्रक जालन्यावरूनच जातो. तोवर हिच्या आईला वळवते. दवाखान्यात उतरवलं की दुसरा नमुनाही तिथंच मिळेल. तुम्ही इथल्या पोरांचं बघा."

इथली पोरं? माळावर तोवर निम्म्या कोप्या मोडल्या होत्या. ट्रकमागून ट्रक निघत होते.

दुपारी त्यांचा फोन आला. मागे गाड्यांचे आवाज. "मंदाताई, वळली होती गं तिची आई. 'चला दवाखान्यात' म्हणाली होती." जालना जवळ आलं, लुळेपण छातीपर्यंत चढलं आणि सोनीला श्वास घेता येईना. ड्रायव्हरने हॉर्न दाबून ट्रक पळवला, बाप टपावर हात आपटत होता. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत पोरगी गेली होती. मला वाटलं, आता सगळंच संपलं. सोनीही गेली, दुसरा नमुनाही गेला, आणि तिच्याबरोबर एका हंड्यातलं पाणी पिणारी, एका मातीत खेळणारी पोरं कुठल्या कुठल्या गावांना पांगली.

मॅडम म्हणाल्या, "मी त्या दिवशी मागे सरले. बाळंतीण म्हटल्याबरोबर मागे सरले. बाहेर खेळणारी पोरं बघितली, आत निजलेली राहिली." आणि लगेच, "माळावरच्या मुकादमांना विचार, कोण कुठल्या गावी उतरणार. सगळी गावं पाहिजेत मला."

पुढचे काही दिवस नुसते फोन चालले. मॅडमनी मंठा, परतूर, घनसावंगी, जिथे जिथे ट्रेनिंग घेतलं होतं तिथल्या आशाताईंना एकेकीला फोन लावले. घसा बसला तर घशातल्या घशात बोलल्या. आणि त्या उन्हात गावोगाव बायांनी पदर खोचून चौकोन आखले. माझ्यासारख्याच बाया, ज्यांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या, त्या "पाय बदला रे" म्हणून ओरडत होत्या. पोरं खेळून झाली की प्रत्येक घराचं दार वाजवायचं, बाळंतिणीचंही. हे मॅडमनी आता नवीन घातलं होतं. "बाळंतीण आहे म्हणाले तर बाळ मांडीवर घेतल्याशिवाय उठायचं नाही."

परतूरकडच्या एका गावात तसंच पोतं लावलेलं दार सापडलं. त्याच टोळीतला एक मुलगा, डावा पाय नुकताच ढिला पडलेला. तिथल्या आशाताईने दारातच ठाण मांडलं आणि दोन्ही नमुने वेळेवर घेतले. सोनीच्या एकुलत्या नमुन्यातही पोलिओ निघाला, त्या मुलाच्याही. मग आपल्याकडे काय हलायचं ते सगळं हललं. गाड्या आल्या, साहेब आले, घरोघरी डोस पाजले गेले. तो मुलगा आज चालतो, जरा खुरडत. दुसरं कुणी लुळं पडलं नाही. कुणी मॅडमचं अभिनंदन केलं की त्या म्हणायच्या, "पोरगी गेली ना हो." आणि विषय बदलायच्या.

कंत्राट संपलं, त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. निरोपाला आम्ही साडी घेतली, नारळ घेतला, त्या मात्र घाईत होत्या. जीपमध्ये बसताना माझा हात घट्ट धरला, आणि लगेच जीप निघाली. मला फार राग आला. असं कुणी जातं का?

परवा टोळ्या पुन्हा माळावर आल्या. मी गेले तर एका कोपीसमोर मातीत चौकोन आखलेला, पोरं लंगडी घालताहेत आणि कडेला एक बाई उभी राहून ओरडतेय, "पाय बदला रे, दुसऱ्या पायावर!" मी जवळ जाऊन बघते तर सोनीची आई. तिच्या कोपीला दारच नव्हतं, पोतं खाली अंथरलेलं आणि त्यावर तिची तान्ही मुलगी पाय झाडत पडलेली. "आशाताई, डोस पाजून राह्यलात ना? हिला पहिला पाजा," ती म्हणाली. "आणिक त्या मॅडमला सांगा, मी आता कुणाला कोंडत न्हाई."

मी तिथेच उभी राहून फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. दार काढून टाकलंय, पोरीचे दोन्ही पाय धडधाकट आहेत, तिची आईच लंगडी खेळवतेय. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तोच तो आवाज.

"बरं. अन् शेजारच्या कोपीत?"

मी डोळे पुसले आणि शेजारच्या कोपीकडे गेले.