संभाषणाच्या तासाचं यश

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या गोंदियाच्या इंग्रजी शाळेला शोध लागला की मुली मधल्या सुट्टीत खेळतात. एवढा मोठा गुन्हा इतके दिवस कुणाच्या नजरेतून कसा सुटला, कोण जाणे. हेडमिस्ट्रेसबाईंनी सुट्टी बंद केली आणि त्या वेळात संभाषणाचा तास ठेवला. समोरासमोर बाकांवर बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि इंग्रजीत मोकळेपणाने बोलायचं. पहिला विषय होता, ‘खेळाचे फायदे’.

मी वर्गात तोंड उघडत नसे. तोंडी परीक्षेतही ही अशीच राहिली तर त्याच वर्गात ठेवू, असं बाईंनी वडिलांना बजावलं होतं. अर्जुनीला शेती करणारे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तर वाटच पाहत होते. “पोरगी बोलत काऊन नाही? मंग फी कायले भरून राहिला? पाठव माह्याकडं. धान रोवाले तोंड लागत नाही.”

खरं तर मी बोलायचे, पण मधल्या सुट्टीत बिल्लस खेळताना. अंगणात चौकोन आखायचे आणि एका पायावर उड्या मारायच्या. आमच्यात रेल्वेच्या गार्डची मुलगी होती, मद्रासकडची. तिला ना मराठी यायचं, ना हिंदी. तिच्याशी भांडायचं तर इंग्रजीतच. ती इतकी रडी खेळायची की माझं इंग्रजी झपाट्याने सुधारत होतं. पण ते उन्हात आणि फुकट मिळत असल्यामुळे शाळा त्याला शिक्षण म्हणत नसे.

संभाषणाच्या तासाला मी खेळाच्या फायद्यांवर मौन पाळलं. परीक्षा जवळ आली. एके दिवशी बाई जरा बाहेर गेल्या, तशी राइस मिलवाल्या शेठच्या मुलीने खडूने फरशीवर चौकोन आखले. मी उडी मारली. गार्डची मुलगी ओरडली, “आऊट!” माझा पाय रेषेला लागलेला नाही, तूच नेहमी खोटं बोलतेस, तुला खेळात घेतलं हीच आमची चूक, असं मी तिला एका दमात इंग्रजीत सुनावलं. वळून पाहते तो दारात बाई.

बाईंचे डोळे भरून आले होते. व्याकरणसुद्धा बरोबर, म्हणाल्या. आपल्या तासाचं हे यश त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला ऐकवलं. चौकोन तेवढे पुसायला लावले. मला वरच्या वर्गात घातलं. मोठ्या बाबांना धान रोवायला दुसरं कुणी शोधावं लागलं. आणि एवढा गुणकारी तास बंद करणं बरं नव्हे म्हणून तो कायमचा झाला.

“तू तो पास हो गई, महारानी,” शेठची मुलगी म्हणाली. “और हमारी छुट्टी गई हमेशा के लिए.”

 मी पुन्हा मुकी झाले हे बाईंना कळलं असतं, तर त्यांनी संभाषणाचे दोन तास केले असते.