बॅटरीवाले काका

रस्त्याकडेला कोणी टाकून दिलेली गादीची खुर्ची मी फुकट मिळाली म्हणून घरी आणली, हा माझा पहिला शहाणपणा. आठवड्यात सगळ्यांच्या हातांवर ओळीने गांध्या उठल्या, तेव्हा बाजारातला फवारा खोलीभर मारला, हा दुसरा. ढेकूण मेले नाहीत. भिंतीतल्या फटीतून शेजारच्या काकूंकडे राहायला गेले. काकूंनीच मग चार शब्द सुनावून ढेकूण मारणाऱ्या बॅटरीवाल्या काकांना धाडलं.

काकांनी चपला पिशवीत घातल्या, बॅटरी पेटवली आणि गादीची शिवण बोटबोटभर उलगडत गेले. एका जागी शाईसारखे काळे ठिपके होते. ओल्या कापसाने पुसताच ते तांबूस पसरले.

"रक्त तुमचं, सही त्यांची," काका म्हणाले.

"आम्ही तोवर बाहेरच्या खोलीत झोपतो," बायको म्हणाली.

"नको, वहिनी. मागोमाग तेही येतील. ढेकणाला माणसाशिवाय करमत नाही."

कपडे, चादरी कढत पाण्यात घालायला सांगून काकांनी फटीफटीतून वाफ सोडली. पंधरा दिवसांनी परत येणार होते, राहिलेली अंडी फुटली का बघायला. चहा मात्र उभ्यानेच घेतला.

"बसा की, काका."

"मी उठलो की लोक खुर्ची झटकतात. उभा बरा."

घरी ते एकटेच. लेक लांब दिलेली. जावयाला वाटायचं, सासऱ्याच्या कपड्यांतून ढेकूण येतील. पण आता सहा वर्षांनी, पुढच्याच आठवड्यात, ती नातवाला घेऊन चार दिवस येणार होती. काकांनी नवी गादी घेतली होती, नातवासाठी छोटी उशीसुद्धा.

"तिला कळवलंय, निर्धास्त ये. घरात तीनदा औषध मारलंय."

"म्हणजे घरात होते?"

"एक नाही. आपली खबरदारी."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. तीनदा औषध मारलेल्या घरात कोणता जावई मूल पाठवील? पण त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी चहाची बशी उचलून आत गेलो.

पंधरा दिवसांनी काका आले. शिवणी पाहिल्या, पलंगाचे सांधे पाहिले. सगळं स्वच्छ. मग कुणी न सांगता स्टुलावर बसले आणि चहा निवेपर्यंत हातात धरून राहिले. घरी जायची घाई दिसेना. मला गप्प बसवेना.

"मग काका, घरी कोण कोण येऊन गेलं?"

"ढेकूणसुद्धा नाही."