एकाच गळाला मासा आणि माणूस

माझ्या सासरी सगळे माळकरी. घरात मासा शिजणं तर सोडाच, अंगणात त्याचा वास आला तरी सासूबाई पाणी शिंपडतात. आणि मी हसनाबादची, वडिलांच्या मागं गळ घेऊन डोहाडोहानं फिरलेली. लग्न होऊन भोकरदनला आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला लागले आणि मासे खाणं सुटलं. पाण्यावर जाणं मात्र सुटेना. मग मी मासे धरून सोडायला लागले.

सासूबाई म्हणाल्या, "खायचं न्हाई तर धरायचं कशाला?"

मी गळाची काठी उचलली आणि पाण्यावर निघाले. पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली. सोडायचा तर मासा धडधाकट सोडायचा. पाण्यात फेकला की सोडला, असं होत नाही. म्हणून माझ्या पिशवीत लांब तोंडाची पक्कड असते, तार कापायची कटर असते आणि एक जुनं पोतं असतं. गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीनं दाबून सपाट करते, म्हणजे गळ अलगद निघतो. मासा काठाशी आला की पोतं भिजवायचं, हात भिजवायचे, मगच त्याला हात लावायचा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते. ती त्याची खरी कातडी. ती गेली की काही दिवसांत अंगावर कापसासारखे पांढरे डाग उठतात आणि मासा मरतो. फक्त तोवर सोडणारा घरी जाऊन फोटो टाकून मोकळा झालेला असतो.

मासा धरून घरी नेऊन कालवण करणाऱ्याचा मला राग नाही. माझे वडील तेच करायचे. मला राग येतो तो सोडल्याचं पुण्य मिरवणाऱ्यांचा.

माझा धाकटा भाऊ हसनाबादलाच असतो. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. एका वर्षी श्रावण लागला आणि त्याचा फोन आला. "आक्का, संभाजीनगरचा एक दोस्त येऊन राह्यला. त्याचे मासे धरायचे व्हिडिओ लय चालतात. तुझ्या तलावावर नेऊ का? तो बी सोडूनच देतो."

मी हो म्हणाले. सोडून देतो, एवढ्या शब्दावर हो म्हणाले.

तलाव म्हणजे आमचा पाझर तलाव. बांधाला आतून काळे दगड लावलेले, कडेला बेशरमाची झुडपं. रविवारी सकाळी दोघं आले. तो पाहुणा उंचापुरा, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात खिशाखिशांचं जाकीट. त्यानं आधी मोबाईल स्टँडवर लावला, मग गळाची काठी जोडली. दोराला रबरी बेडूक आणि त्याच्या मागं लोंबणारा तीन तोंडांचा गळ. उलटे काटे जसेच्या तसे, धारदार.

झुडपांपासून थोड्या अंतरावर पाण्यावर केशरी ठिपक्यांचा एक गोळा हलत होता. मरळीची पिल्लं. ती अशी एकत्र वर श्वास घ्यायला येतात आणि खाली त्यांची आई, बहुतेक वेळा बापसुद्धा, राखण करत असतात. जे जवळ येईल त्याच्यावर तुटून पडतात.

मी म्हणाले, "तिकडं टाकू नका. पिल्लं आहेत तिथं. पलीकडच्या कोपऱ्यात बिनपिल्लांची मरळ मिळेल."

तो हसला. "मॅडम, पिल्लं आहेत म्हणूनच टाकायचं. इथं ती हमखास घेते." आणि पुढं म्हणाला, "जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येता."

मी भावाकडं पाहिलं. तो मोबाईलचा कोन नीट करण्यात गुंतलेला.

बेडूक गोळ्याच्या मधोमध पडला आणि पाणी फाटलं. मरळ मोठी होती, मांडीएवढी जाड. त्यानं ती ओढून बांधावर आणली ती थेट तापलेल्या दगडांवर. पावसानंतरचं ऊन होतं, दगडांना हात लावला तर चटका बसत होता. त्यावर ती आपटत राहिली आणि हा कॅमेऱ्याकडं बघून बोलत राहिला. मग कल्ल्यात दोन बोटं घालून त्यानं तिला उभी लटकवली. कल्ल्यातून रक्ताची बारीक धार निघाली.

"पाण्यात धरा तिला," मी ओरडले. "आडवी धरा, पोटाखाली हात द्या!"

भाऊ म्हणाला, "आक्का, मरळ हाय ती. पाण्याबाहेर बी जगती. बाजारात दिवसभर जिती राहती की."

हे वाक्य मी शंभर जणांकडून ऐकलंय. मरळ हवेतून श्वास घेते, खरं आहे. म्हणून तिला तव्यावर ठेवून गप्पा मारायच्या का?

मी पोतं भिजवायला खाली वळले आणि मागून किंकाळी आली. मरळीनं उसळी मारली होती. तीन तोंडांच्या गळाचं एक तोंड तिच्या जबड्यात होतं, दुसरं आता त्याच्या अंगठ्याखालच्या मांसात, उलट्या काट्यासकट आत. मासा आणि माणूस एकाच गळाला. ती तडफडली की त्याचा हात ओढला जायचा, आणि त्यानं हात झटकला की तिचा जबडा फाटायचा.

"दगड घाल! डोक्यात दगड घाल तिच्या!" तो भावाला ओरडला.

आणि माझ्या भावानं दगड उचलला. माझ्या सख्ख्या भावानं, वडिलांनी मासा कसा धरायचा हे ज्याला माझ्याबरोबरच शिकवलं त्यानं, दोन्ही हातांनी दगड डोक्यावर धरला.

"ठेव तो खाली!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या रानातली बाई उभी राहून बघायला लागली. "हुकला तर ती उडी मारंल आन त्याचा हात फाटंल! ठेव म्हणते ना!"

मरळीचं नाव न घेता हाताचं घेतलं, कारण तेवढंच त्या दोघांना कळलं असतं.

भावानं दगड बाजूला टाकला. मी ओलं पोतं मरळीवर टाकलं, डोळे झाकले, गुडघ्यांमध्ये तिला हलकेच दाबून धरली. डोळे झाकले की मासा जरा शांत होतो. भावाला म्हणाले, "याचं मनगट घट्ट धर. हालू देऊ नको." पाहुणा शिव्या देत होता, मला, मरळीला, उन्हालाही. मी कटर घातली आणि त्याच्या हातातल्या गळाची दांडी कापली. गळ जाडजूड होता, एका दाबात तुटला नाही. पुन्हा जोर लावला तेव्हा कट् करून तुटला आणि दोघं वेगळे झाले.

तो खाली बसला. सगळ्यात आधी त्यानं काय विचारलं असेल? "रेकॉर्ड झालं का?"

मी मरळ पोत्यातच उचलून पाण्यात नेली. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिच्या जबड्यातला तुकडा पकडीनं जसा शिरला त्याच वाटेनं मागं वळवून काढला. तिचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात, त्यामुळं तोंडात बोट घालायचं नाही, पकडच घालायची. मग पोटाखाली तळहात देऊन तिला सरळ धरून ठेवली. ती कलंडत होती. मी पुन्हा सरळ करायची. समोर पिल्लांचा गोळा विस्कटला होता आणि चिलापी मासे खालून येऊन एकेक ठिपका गिळत होते. हे मला दिसत होतं आणि मला हलता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं वर येऊन हवा घेतली, शेपटी हलवली आणि माझ्या हातातून निघून गेली. जगली की नाही, मला माहीत नाही. कल्ल्याला जखम झालेला मासा बहुधा जगत नाही.

पाहुण्याला आम्ही भोकरदनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात बधिर केला, काटा पुढं काढून कापला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. सगळं सुरळीत झालं. त्याच्यासाठी सगळंच सुरळीत झालं.

मग तो व्हिडिओ आला. नाव होतं 'खुनी मरळीचा हल्ला'. त्यात पिल्लं नव्हती, दगड नव्हता, माझं ओरडणंही नव्हतं. रक्ताळलेला हात होता आणि वर दणदणीत संगीत. शेवटी, "तरीही आम्ही तिला जीवदान दिलं." मी शिक्षकांच्या खोलीत बसून तो पाहिला आणि मोबाईल टेबलावर इतका जोरात आपटला की शेजारच्या बाई दचकल्या.

पुढच्या रविवारी बांधावर अनोळखी पोरं काठ्या घेऊन उभी. एकानं मला विचारलं, "मावशी, ती खुनी मरळ कुठं राहती?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पाण्यावर एकही केशरी ठिपका नव्हता.

राखीला मी हसनाबादला जाणार नव्हते. सासूबाईंनीच पाठवलं. मी ताट घेऊन बसले, तेवढ्यात भावाचा फोन वाजला. पाहुण्याचा व्हिडिओ कॉल. पट्टी सुटलेला हात दाखवत तो म्हणाला, "मॅडम, थँक्यू हां. तुमच्यामुळं वाचलो. कधी परत येऊ?"

मी विचारलं, "माशाचं काय झालं, विचारलंत का कुणाला?"

"कोणत्या माशाचं?" तो म्हणाला.

खरंच त्याला आठवेना. थट्टा करत नव्हता तो. मी फोन भावाच्या हातातून घेतला आणि बंद केला.

भाऊ पाटावर मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "मला बी तो व्हिडिओ न्हाई आवडला, आक्का. मी त्याला काढ म्हणालो व्हतो. त्यानं न्हाई काढला."

"आन दगड कुणी उचलला व्हता?"

त्यानं मनगट पुढं केलं. निरांजन जळत होतं. मी त्याला राखी बांधली, कारण तो माझा भाऊ आहे. पेढा भरवला. पण त्यानं पाया पडायला हात पुढं केले तेव्हा मी आशीर्वाद न देता उठले आणि सरळ भोकरदनची बस धरली.